पट्टा चार बोटं खाली

मी खलाशी होतो असं सांगितलं की समोरचा माणूस लगेच विचारतो, "कुठल्या बोटीवर?" अहो, मी आयुष्यात दोनदा बोटीत बसलो, दोन्ही वेळा दाभोळची खाडी ओलांडायला, आणि दोन्ही वेळा पलीकडे पोचेपर्यंत माझ्या पोटात काही शिल्लक राहिलं नव्हतं. कारखान्यात जड यंत्रं उचलून जागेवर बसवणाऱ्या माणसांनाही खलाशीच म्हणतात. मूळची ही माणसं बंदरातली, जहाजातला माल उतरवणारी. पुढे गिरण्या आल्या, कारखाने आले, माणसं घाट चढून वर आली. समुद्र खाली राहिला, नाव तेवढं सोबत आलं.

नावाबरोबर दोन शब्दही आले. 'हबेस' म्हणजे उचल आणि 'आर्या' म्हणजे खाली घे. कुठल्या भाषेतले आहेत ते मला माहीत नाही, माझ्या उस्तादांनाही माहीत नव्हतं. पण भोसरीपासून चाकणपर्यंत कुठल्याही शेडमध्ये जा, क्रेनवाला बिहारचा असो की बीडचा, हे दोन शब्द त्याला कळतातच. माझी मुलं लहानपणी सकाळी उठायची नाहीत, तेव्हा मी पांघरूण ओढून 'हबेस!' म्हणून ओरडायचो. बायको म्हणायची, घरात तरी माणसासारखं बोला.

काम सांगायला सोपं आहे. वजन क्रेन उचलते. ते कुठून बांधायचं, कसं बांधायचं आणि उचललं की कोण कुठं उभा राहील, एवढं आम्ही ठरवतो. क्रेनवाल्याला इशारा एकाच माणसानं करायचा, दुसऱ्या कुणी तोंड उघडायचं नाही. जमिनीवर फक्कीची रेघ मारायची. रेघेच्या आत फक्त दोरावरची माणसं, बाकी मालक असो नाहीतर मंत्री असो, बाहेर. आणि आणखी एक गोष्ट बाहेरच्या लोकांना पटत नाही. टांगलेलं वजन ढकलायला जोर लागत नाही. चार टनांचं धूड एकदा हवेत गेलं की बारकं माणूसही एका हातानं ते झुलवू शकतं. म्हणून तर त्याची भीती जास्त.

माझे उस्ताद हुसेनचाचा, आमच्या खाडीपलीकडचे. त्यांच्या डाव्या हाताला तीनच बोटं होती. उरलेली दोन कुठं गेली विचारलं की म्हणायचे, "पिंपरीत एका लेथखाली आहेत, मशीन अजून चालू आहे." मी नवा असताना एक गिअरबॉक्स पट्ट्यातून निसटायला लागला आणि मी धावत जाऊन त्याला हात लावला. तो खाली बसल्यावर चाचांनी चाळीस माणसांसमोर माझ्या कानाखाली वाजवली. म्हणाले, "मशीन मोडलं तर कंपनी दुसरं पाठवते. तुझ्या आयशीला मी दुसरा दत्ता कुठून पाठवू?"

ते गणित मी पस्तीस वर्षं जपलं. माझा तोरा पण होता त्याचा, कबूल करतो. एकदा हिंजवडीच्या एका साहेबांचा पियानो अकराव्या मजल्यावर चढवायचा होता. लिफ्टमध्ये मावेना, जिन्यात वळेना, म्हणून बाल्कनीतून दोरावर घ्यायचं ठरलं. साहेब सकाळपासून माझ्या मागं मागं, "जपून हं, फार नाजूक आहे, आजोबांचा आहे." माझी चार माणसं कठड्याबाहेर कमरेला दोर बांधून उभी होती, त्यांच्याकडे त्याचं लक्षच नव्हतं. मी काम थांबवलं. म्हटलं, "साहेब, या चौघांची नावं सांगा." त्याला एकही येईना. म्हटलं, "पाठ करा, मग उचलतो." माझी माणसं म्हणाली, मुकादमाचं डोकं फिरलं. पण त्या माणसानं खरंच नावं पाठ केली हो. पियानो जागेवर बसल्यावर त्यानं चौघांना नाव घेऊन समोर बसवलं आणि वाजवून दाखवलं. आम्हाला काही कळलं नाही. माझा जोडीदार गणपत मात्र डोळे पुसत होता. विचारलं तर म्हणे, धूळ गेली.

हा किस्सा मी फार ठिकाणी फुशारकीनं सांगितला आहे. आता जो सांगणार आहे तो आजवर कुणाला धड सांगितलेला नाही.

तळवड्याला एक शेड होती. तिथल्या जुन्या शेतकरी घराण्याची जमीन, आता सगळ्या जमिनीवर गाळे झालेले. शेडचा पाया खणताना तिथं काळ्या पाषाणाचा एक प्रचंड धोंडा निघाला. सुरुंग लावून फोडायचं ठरत होतं. पण शेड बांधणाऱ्या पुतण्याच्या आत्या, सुमनताई, महापालिकेच्या शाळेत चित्रकला शिकवून नुकत्याच निवृत्त झालेल्या. त्या आडव्या आल्या. म्हणाल्या, शेत गेलं, निदान हा तरी राहू द्या. मग धोंडा आत ठेवूनच वर पत्रे चढले, आणि ताई छिन्नी-हातोडा घेऊन त्याच्यासमोर बसल्या.

शेजारच्या युनिटमध्ये पॅकिंगला कांता नावाची बाई होती, लातूरकडची. जेवणाच्या सुट्टीत ती शेडच्या सावलीला प्लास्टिकच्या क्रेटवर येऊन बसायची. एक चप्पल काढायची, डाव्या हातानं दुखरं पाऊल चेपायची आणि उजव्या हातानं मांडीवरच्या डब्यातलं खायची. ताईंनी तिला एकदा बघितलं आणि म्हणाल्या, "अशीच बस गं जरा." ते 'जरा' नऊ वर्षं चाललं. आपल्याकडे कारखान्यांना सुट्टी गुरुवारची. नऊ वर्षं दर गुरुवारी कांता तिथं बसली. मधल्या काळात तिनं तीन कंपन्या बदलल्या, मुलीला कॉलेजात घातलं, केस पांढरे केले. हसत म्हणायची, "ताई, मी म्हातारी व्हायले आन ही हाय तशीच."

मूर्ती पुरी झाली आणि हिंजवडीतल्या एका कंपनीनं ती आपल्या बागेसाठी मागितली. उचलायला मला बोलावलं. मी गणपतला घेऊन बघायला गेलो. आमचा पहिला प्रश्न ठरलेला, वजन किती. मी टेप काढली आणि मूर्तीजवळ गेलो, आणि टेप तशीच हातात राहिली.

काय सांगू तुम्हाला. दगडाची बाई क्रेटवर बसली होती. उजव्या हातात घास, तो तोंडापर्यंत जायच्या आधी मध्येच थांबलेला, आणि मान किंचित वळलेली. कुणीतरी हाक मारली आहे आणि आता जेवण अर्धवट टाकून उठावं लागणार, हे तिला कळलं आहे. माझी आई चुलीपुढं अशी शेकडो वेळा उठलेली मी पाहिली होती, आणि तेव्हा मला त्याचं काहीच वाटलं नव्हतं. घास धरलेली बोटं दगडातून पूर्ण सुटी काढलेली, मागून उजेड दिसायचा. त्या एका हाताला ताईंना तीन वर्षं लागली होती. गणपत मोठ्यानं काहीतरी बोलायला लागला तर मी त्याला म्हटलं, "हळू बोल रे, ती जेवतेय."

वजन अडीच टनांच्या आसपास निघालं. आमच्यासाठी ते काहीच नाही. चाकणला आम्ही त्याच्या वीसपट वजनाचे प्रेस खड्ड्यात सोडले आहेत.

उचलायचा दिवस गुरुवारच होता, रस्त्यावर ट्रक कमी म्हणून. कांता नवी साडी नेसून आली होती. तिनं मूर्तीला हळदीकुंकू लावलं, तिची ओटी भरली. म्हणाली, "सासरी चालली की वो!" सोबत तिनं स्वतः शिवलेली गोधडी आणली होती, गाडीत पायाखाली घालायला. आम्ही नारळ फोडला, क्रेनवाल्या बाळूनं त्याची हायड्रा क्रेन शटरमधून आत घेतली, आणि मी पट्टे बांधायला घेतले.

दोन पट्टे बुडाखालून, आणि एक आडवा पट्टा छातीच्या उंचीवर, मूर्ती कलंडू नये म्हणून. हा आडवा पट्टा महत्त्वाचा. तो वजनाच्या मध्याच्या वरच असायला हवा. खाली गेला तर वरचा भाग जड होतो आणि धक्का बसला की वस्तू पट्ट्यातून डोकं काढते. पहिल्या वर्षीचा पोरगाही हे सांगेल.

मी पट्टा आवळला तसं ताई म्हणाल्या, "दत्ताभाऊ, तिच्या मनगटाला लागतोय हो."

"लाकडाचा गुटका घालतो मध्ये."

"गुटक्यानंही दाब येईल. बोटं राहायची नाहीत. थोडा खाली नाही का घेता येणार?"

"किती?"

ताईंनी आपला हात आडवा धरून दाखवला. "चार बोटं."

गणपत माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "मुकादम, खाली नको."

मी म्हटलं, "गप रे. चार बोटांनी काय होतंय."

हे वाक्य मी बोललो. चाचांच्या हातची थप्पड खाल्लेला, साहेबाला नावं पाठ करायला लावणारा, तोच मी. आणि पट्टा खाली घेतला.

रेघही मारली होती. ताईंना आणि कांताला म्हटलं, मागं राहा. पण म्हटलं ते पाहुण्यांना पाटावर बसा म्हणावं तसं. एरवी मी ओरडतो, शिव्या घालतो. त्या दिवशी ओरडावंसंच वाटलं नाही, देवळात असल्यासारखं वाटत होतं.

"हबेस," मी म्हटलं. मूर्ती वीतभर उचलली. थांबवलं, बघितलं. ठीक होतं. पुन्हा हबेस. गुडघाभर. बाळू हळूहळू क्रेन मागं घ्यायला लागला. मी आणि गणपत एका बाजूला दोर धरून चालत होतो, ताई आणि कांता पलीकडे. शटरच्या उंबऱ्यावरून क्रेनचं चाक उतरलं तेवढाच एक धक्का बसला, आणि मूर्तीनं मान हलवावी तशी ती वरून हलली. आडवा पट्टा सरकला. मूर्ती पलीकडे कलली, आणि तिचं ते चपलेविना असलेलं पाऊल शटरच्या लोखंडी चौकटीकडे निघालं.

"अगं बाई, पाय!" कांता ओरडली. जिवंत बाईला ठेच लागणार असावी तशी. आणि गोधडी घेऊन ती रेघेच्या आत, मूर्तीच्या खाली, गुडघ्यांवर. दगडाचं पाऊल आणि लोखंड यांच्यामध्ये ती गोधडी कोंबत होती.

बाळू माझ्याकडे बघत होता. इशारा मीच करायचा. आर्या म्हटलं असतं तर मूर्ती सरळ कांतावर आली असती. थांब म्हटलं असतं तर पट्टा थांबणार नव्हता, तो माझ्या डोळ्यांसमोर बोटाबोटानं निसटत होता. हातात दोर होता. मी तो अंगातला सगळा जोर लावून माझ्याकडे ओढला.

मघाशी म्हटलं ना, टांगलेलं वजन हलायला जोर लागत नाही. मूर्ती कांतावरून निघून आमच्या बाजूला झुलली, झुलता झुलता पट्ट्यातून डोकं काढलं आणि उजव्या कुशीवर सिमेंटवर पडली. मी मागं उडी मारली ती गणपतच्या अंगावर. आवाज असा झाला की शेजारच्या युनिटमधला वॉचमन धावत आला.

आता एक खरं सांगतो. दोर ओढला त्या क्षणी मला कांताचा चेहरा दिसत नव्हता, ती खाली वाकलेली होती. मला दिसत होती ती घास धरलेली दगडाची बोटं. ती माझ्या बाजूलाच होती. आपण ओढलं की तीच आधी जमिनीला लागणार हे मला स्वच्छ कळत होतं. एवढं वाईट मला माझ्या आयुष्यात कशाचं वाटलेलं नाही. ओढलं मात्र.

धूळ बसली तेव्हा ताई धावत होत्या. मला वाटलं, मूर्तीकडे चालल्या. त्या मूर्तीला वळसा घालून कांताजवळ गेल्या, खाली बसल्या आणि तिचे दोन्ही हात ओढून घेतले. ओल्या बाळंतिणीची आई बाळाची बोटं मोजते तशी एकेक बोट चिमटीत धरून मोजायला लागल्या. कांता हमसून हमसून रडत होती, "ताई, माझ्यापायी मोडली वो! नऊ वर्षं तुमची!"

"गप. बोटं हलव. दुसरा हात दाखव." ताई एरवी शाळेतल्या बाईंसारखं शुद्ध बोलायच्या. त्या दिवशी मोजून झाल्यावर त्यांच्या तोंडून घरचं निघालं, "हायत. समदी हायत."

मग त्या उठल्या आणि मूर्तीपाशी आल्या. गाल खरचटला होता, उजवा हात कोपरापासून गेला होता. मनगट वेगळं, बोटं वेगळी, आणि घास कुठं गेला तो सापडलाच नाही. ताईंनी सापडतील ते तुकडे पदरात गोळा केले आणि जमिनीवर बसून राहिल्या. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. मी पट्टे गुंडाळले.

पुढचे काही महिने फार वाईट गेले. कंपनीनं दिलगिरी कळवून नकार दिला, ते एक झालं. पण मला सगळ्यात त्रास झाला तो कौतुकाचा. गणपतनं टपरीवर गोष्ट सांगितली, टपरीवरून ती भोसरीपर्यंत गेली. मुकादमांनी बाईचा जीव वाचवला! जो तो माझी पाठ थोपटायचा. कुणी म्हणायचं, दगडाचं काय, दगड काय परत घडेल. मी खेकसायचो, "तू घडव, हा हातोडा घे." लोकांना वाटायचं म्हातारा तापट आहे. खरी गोष्ट गणपतला आणि मला माहीत होती, आणि गणपत ती चार बोटं कुणालाही सांगत नव्हता. त्याच्या त्या गप्प राहण्याची मला जास्त लाज वाटायची.

मी मुकादमाची इशाऱ्याची शिट्टी गणपतच्या गळ्यात घातली आणि घरी बसलो. बायको म्हणाली, "एवढं खात असेल तर जाऊन या एकदा ताईंकडे." मी म्हटलं, काय तोंड घेऊन जाऊ? ती म्हणाली, "हेच घेऊन जा, दुसरं कुठं आहे तुमच्याकडे?"

ताई देहूला राहायच्या, इंद्रायणीपासून जवळच. मी गेलो तर त्या ओसरीवर शेंगा फोडत बसलेल्या. माझ्याकडे वर बघून त्यांनी विचारलं, "दोर ओढलात म्हणून आलात, की पट्टा खाली घेतलात म्हणून?"

मी म्हटलं, "पट्टा."

"मग बसा," त्या म्हणाल्या. "बाकी सगळे दोराबद्दलच बोलून गेले."

चहा आला. मीही शेंगा फोडायला घेतल्या. मग त्या म्हणाल्या, "मी म्हटलं खाली घ्या. मला त्यातलं कळत नव्हतं. तुम्हाला कळत होतं. तुम्ही 'नाही' का म्हणाला नाहीत, दत्ताभाऊ?"

"ताई, त्या जागी लेथ असती ना, तर मी तुम्हाला हाताला धरून शेडबाहेर काढलं असतं." "मलाही ती आवडली होती हो. तिच्या हाताला काही व्हावं असं मलाही वाटत नव्हतं. म्हणून चुकलो."

ताईंनी हातातली शेंग खाली ठेवली. म्हणाल्या, "मला त्या दिवशी कुणी विचारलं असतं, मूर्तीचा हात हवा की कांता हवी, तर मी श्वास न घेता कांता म्हटलं असतं. तुम्हीही म्हटलं असतं. पण असं कुणी विचारतच नाही बघा. पट्टा चार बोटं खाली घेऊ का, एवढंच विचारतात. आणि आपण हो म्हणून बसतो."

मी पासष्ट वर्षांचा माणूस, ओसरीवर बसून रडलो. ताईही रडल्या. मूर्तीसाठीही रडल्या, खोटं कशाला सांगू. म्हणाल्या, "तो हात मला रोज आठवतो. आणखी नऊ वर्षं मी आता कुठून आणू? माझा हातोडा उचलत नाही." मग डोळे पुसून त्यांनी कांताचं सांगितलं. अपघातानंतर कांता यायची बंद झाली होती, फोनही उचलायची नाही. शेवटी ताईच एका गुरुवारी रिक्षा करून तिच्या खोलीवर गेल्या, आणि दारातच म्हणाल्या, "मूर्ती मोडली म्हणून तू बी मोडलीस व्हय? मग मी जेवू कुणाबरोबर?" तेव्हापासून कांता पुन्हा गुरुवारी यायला लागली. आता ती नुसती बसत नाही. दोघी डबे उघडतात आणि जेवतात.

हुसेनचाचांचं गणित मी त्या दिवशी परत तपासलं. यंत्र दुसरं येतं, माणूस दुसरं येत नाही, एवढं ते होतं. जी वस्तूही दुसरी येत नाही, तिचं काय करायचं हे त्यांनी शिकवलं नव्हतं. त्यांच्यावर कधी अशी वेळ आली नसावी. माझ्यावर आली. उत्तर तेच निघालं, पण यंत्राच्या वेळी ते फुकट मिळतं आणि इथं मिळालं नाही, एवढा फरक मला कळला.

गेल्या हिवाळ्यात ताईंच्या पुतण्याला शेड रिकामी हवी होती. ताई ज्या शाळेत शिकवत होत्या तिथल्या मुख्याध्यापिका म्हणाल्या, आमच्या अंगणात बसवा, आहे तशी. ताईंनी मला फोन केला. म्हटलं, मी आता उचलत नाही, गणपत उचलेल. त्या म्हणाल्या, "उचलू नका. या नुसते."

गेलो. तीच शेड, बाळूचीच हायड्रा, गुरुवारच. गणपतच्या गळ्यात शिट्टी. त्यानं फक्कीची रेघ मारली, चांगली दुप्पट जाड. कांता तीच गोधडी घेऊन आली होती. गणपतनं ती तिच्या हातातून काढून घेतली आणि उचलायच्या आधीच ट्रकमध्ये अंथरून आला. मग आडवा पट्टा हातात घेऊन तो ताईंकडे बघत थांबला. ताई मूर्तीजवळ गेल्या. जिथं मनगट होतं तिथल्या रिकाम्या जागेवरून त्यांनी हात फिरवला. "लाव बाबा, तुला हवा तिथं," त्या म्हणाल्या. "आता मध्ये यायला काही नाही." गणपतनं पट्टा छातीवर, अगदी हव्या त्या जागी आवळला. मी सवयीनं पुढं होऊन गाठ चाचपायला गेलो, तर तो माझ्यावर ओरडला, "मुकादम, रेघेच्या मागं!" पस्तीस वर्षांत मला कुणी असं हाकललं नव्हतं. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

आम्ही तिघं रेघेमागं उभे राहिलो. ताई मध्ये. त्यांनी एका मुठीत कांताचा पदर धरला आणि दुसऱ्या मुठीत माझ्या सदऱ्याची बाही. इतकी घट्ट की शिवण उसवली.

"हबेस," गणपत म्हणाला.

मूर्ती वर गेली. चाक उंबऱ्यावरून उतरलं, धक्का बसला, पट्टा जागचा हलला नाही. मूर्ती हाताविना, मान वळवून, आमच्यासमोरून बाहेर उन्हात गेली. मी ताईंकडे बघितलं तर त्यांनी डोळे गच्च मिटून घेतले होते.

"गेली का बाहेर?" त्यांनी विचारलं.

"गेली, ताई."

"आणि सगळे आहेत ना?"

मी कांताकडे बघितलं, गणपतकडे, क्रेनमधल्या बाळूकडे. कांतानंच पदर न सोडवता ताईंच्या मुठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "हाव ताई. समदे हायत. डोळे उघडा."

ताईंनी डोळे उघडले, पण मुठी सोडल्या नाहीत.